मनाईची मुदत

अठरा वर्षे पूर्ण झाली की आपल्याकडची मुले मतदार यादीत नाव घालतात आणि साधारण त्याच सुमारास महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जाला जोडलेल्या हमीपत्रावर सही करतात. वसतिगृहात अमुक वाजता परत येईन, परवानगीवाचून सभा भरवणार नाही, संस्थेची प्रतिमा मलिन होईल असे काही करणार नाही, शिस्तीच्या बाबतीत प्राचार्यांचा निर्णय अंतिम मानीन, असा या कागदाचा मजकूर असतो. सही करताना तो कोणी वाचत नाही. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आलेली असते, मागे रांग असते आणि आई-वडील शुल्काच्या विवंचनेत असतात. देशाचे सरकार निवडण्याचा हक्क हाती येतो तेव्हाच आणखी एका सत्तेला आपण बरेच काही लिहून देऊन बसलो, हे पुढे कधीतरी कळते.

सरकार आणि महाविद्यालय या दोन सत्ता माणसांच्या वागण्यावर, फिरण्यावर, बोलण्यावर आणि एकत्र येण्यावर मर्यादा कशा घालतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. कायदे, निवाडे आणि नियमपुस्तिका पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येतील. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. मनाई करणाऱ्याने मनाईचे कारण लेखी द्यावे आणि ती कधी उठणार हेही सांगावे. या दोन्ही गोष्टी नसतील, तर हेतू कितीही चांगला असला तरी ती मनाई मी वाजवी मानत नाही.

मर्यादा मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला आणि नव्या मुलांना छळणाऱ्यांचे हात बांधले. त्याला विरोध करणारा शहाणा माणूस मला भेटलेला नाही. प्रयोगशाळेत आणि परीक्षेच्या दालनात नियम हवेतच. वाद सुरू होतो तो धोका दुसरीकडे असताना निर्बंध भलत्यावर पडतो तेव्हा, आणि धोका सरला तरी निर्बंध उठत नाही तेव्हा.

या दोन सत्तांचा विचार एकत्र का करायचा, ते समजायला पुण्यातली १९०५ सालची हकीकत उपयोगी पडते. बंगालच्या फाळणीविरुद्ध देशभर संताप उसळला होता. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार होता फर्ग्युसन महाविद्यालयाचा विद्यार्थी विनायक सावरकर याचा, आणि टिळक तिथे हजर होते. होळी महाविद्यालयाच्या आवारात झाली नव्हती, तासाच्या वेळातही झाली नव्हती. तरी प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याखाली अग्रलेख लिहून परांजप्यांवर घणाघात केला. ज्या महाविद्यालयाबद्दल ते लिहीत होते त्याच्या संस्थापकांत ते स्वतः होते, हे विसरून चालणार नाही.

ही हकीकत सांगताना परांजप्यांना खलनायक करण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला हा माणूस मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून अल्प वेतनावर पुण्यात शिकवायला आला होता, आणि विद्यार्थ्यांनी शिकत असताना राजकारणापासून दूर राहावे हे त्याचे प्रामाणिक मत होते. पण व्यक्ती बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. शहरात, मोकळ्या वेळात, नागरिक म्हणून केलेल्या कृतीबद्दल महाविद्यालय शिक्षा करू शकते का? प्राचार्यांची हुकमत फाटकापाशी संपते, की विद्यार्थ्याच्या मागोमाग रस्त्यावरही जाते? सव्वाशे वर्षे होत आली, पण आजच्या हमीपत्रांतली ‘संस्थेची प्रतिमा’ ही अट याच प्रश्नाला बगल देऊन बसलेली आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांनी परिपत्रक काढले. विद्यार्थ्यांना स्वदेशीच्या सभांपासून आणि बहिष्काराच्या चळवळीपासून शाळा-महाविद्यालयांनी आवरावे. न आवरणाऱ्या संस्थेचे अनुदान बंद होईल, तिथल्या मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येणार नाही, विद्यापीठाची संलग्नताही जाईल, अशी त्यात तंबी होती. १९०७ साली हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याचे सचिव रिस्ले यांच्या परिपत्रकाने हाच रोख देशभर नेला. सरकारला एकेका मुलामागे पोलीस लावण्याची गरज उरली नाही. अनुदानाची दोरी ओढली की प्राचार्य ओढले जात आणि प्राचार्यांनी डोळे वटारले की मुले गप्प बसत. बंगालने कार्लाइल परिपत्रकाला उत्तर म्हणून परिपत्रकविरोधी संघटना काढली आणि १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी केली. महाराष्ट्रात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी सरकारी मदतीवर न विसंबणारे समर्थ विद्यालय चालवले. या शाळेचे अनुदान बंद करायचे तर ते मुळात नव्हतेच. म्हणून १९१० साली सरकारने शाळाच बंद पाडली.

अनुदान, संलग्नता, मान्यता, मूल्यांकन, पदांना मंजुरी या वाटा आजही तशाच आहेत. मंत्रालयातून किंवा विद्यापीठातून आलेल्या ‘दक्षता घ्यावी’ एवढ्या दोन शब्दांचे महाविद्यालयात पोहोचेपर्यंत ‘सभागृह मिळणार नाही’ असे रूपांतर होते. कोणी मनाई केली, असे विचारले तर सरकार म्हणते आम्ही बंदी घातलेली नाही, आणि प्राचार्य म्हणतात आमच्या हाती काही नाही. म्हणून दोन्ही सत्ता एकाच पुस्तकात हव्यात. वेगवेगळ्या वाचल्या तर जबाबदार कोण हे कधी सापडत नाही.

संविधानाने या बाबतीत आपल्याला माप दिलेले आहे. एकोणिसावा अनुच्छेद भाषण, शांततेने एकत्र जमणे, संघटना करणे, देशभर फिरणे ही स्वातंत्र्ये देतो आणि लगेच पुढच्या खंडांत वाजवी निर्बंधांची मुभा राज्याला देतो. वाजवी कशाला म्हणायचे, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली व्ही. जी. राव यांच्या खटल्यात घालून दिली. मद्रास सरकारने एक संघटना बेकायदा ठरवली होती आणि राव तिचे सरचिटणीस होते. कोणत्या हक्कावर निर्बंध येतो आहे, तो कशासाठी, ज्या अनिष्टाला आळा घालायचा ते किती मोठे आणि किती निकडीचे, निर्बंध त्याच्या मानाने जास्त जाचक तर नाही, आणि त्या वेळची परिस्थिती काय, हे सारे पाहूनच ठरवायचे, असे न्यायालयाने सांगितले. सरकारची बंदी टिकली नाही. सरकारी महाविद्यालये आणि विद्यापीठे यांना हे माप थेट लागू आहे. खासगी विनाअनुदानित संस्थांच्या बाबतीत कायद्याची वाट वाकडी आहे, पण पदवी विद्यापीठाचीच असल्यामुळे विद्यापीठाचे नियम त्यांनाही चुकत नाहीत.

सरकारी निर्बंधांपैकी सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे जमावबंदी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लोकांच्या इतके तोंडात बसले आहे की १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले तरी गावोगाव अजून ‘१४४ लागलं’ असेच म्हणतात. १९५६ सालच्या जानेवारीत, तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात, गिरणी कामगारांच्या दोन संघटनांचे भांडण विकोपाला गेले आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली. बाबूलाल पराते यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ साली ते हरले. पण या निकालात कलम का टिकले ते पाहण्यासारखे आहे. दंडाधिकाऱ्याला परिस्थितीची हकीकत आदेशात लिहावी लागते, आदेशाला दोन महिन्यांची मुदत असते, बाधित माणूस तो रद्द करण्याची मागणी करू शकतो आणि वरच्या न्यायालयात जाता येते. या कुंपणांमुळे कलम घटनेत बसले. पुढे मधू लिमये यांच्या खटल्यात, १९७० साली, आणि अनुराधा भसीन यांच्या खटल्यात, २०२० साली, न्यायालयाने तीच रेघ आणखी गडद केली. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या त्या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि रास्त मतप्रदर्शन दडपायला १४४ वापरता येणार नाही.

प्रत्यक्षात काय होते? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. मुंबईसारख्या शहरात हे आदेश एकामागून एक निघत राहतात. प्रत्येकाला मुदत असते, पण सगळे ओळीने ठेवले तर मुदत उरतच नाही. शहरातल्या नागरिकाला आज जमावबंदी आहे की नाही हे माहीत नसते. लग्नाच्या वरातीला, क्रिकेटच्या विजयी मिरवणुकीला ती जाणवत नाही. वेतन थकलेल्या कंत्राटी कामगारांनी फलक घेऊन उभे राहायचे म्हटले की ती पुढे येते. नेहमी लागू असलेला आणि निवडून वापरला जाणारा आदेश हा माझ्या मते अधिकाराचा दुरुपयोग आहे, मग तो कोणत्याही पक्षाच्या राजवटीत निघो.

तात्पुरत्या मनाईने काय हिरावले जाते, हे महाडइतके दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते आणि १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो लोकांनी तिथले पाणी घेतले होते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता. त्याच्या तोंडावर सवर्णांपैकी काहींनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. गावोगावचे लोक भाकऱ्या बांधून आले होते, त्यांची तयारी पूर्ण होती. बाबासाहेबांनी रात्रंदिवस विचार करून हुकूम मानायचे ठरवले आणि सत्याग्रह पुढे ढकलला. हुकूम काही आठवड्यांतच उठला. दावा मात्र एका न्यायालयातून दुसऱ्यात जात राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये. कायदा मानणाऱ्याने नऊ वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. ‘थोडे दिवस थांबा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा कालावधी लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

महाविद्यालयांकडे येऊ. महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका एके काळी जोरात होत. त्यांत पैसा, दमदाटी, अपहरण असले प्रकार घुसले आणि १९८९ साली मुंबईत या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पालक हादरले, प्राचार्य हादरले, त्यात नवल नाही. यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. त्याच १९८९ साली एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात येऊन मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले होते. खासदार निवडायला देशाने ज्या मुलांना लायक ठरवले, त्यांना वर्गाचा प्रतिनिधी निवडायला महाराष्ट्राने नालायक ठरवले. गुंडगिरी करणारे मोजके होते. त्यांच्यावर खटले चालवणे पोलिसांचे काम होते. ते अवघड म्हणून लाखो मुलांचा हक्क काढून घेतला गेला.

उपाय नव्हते असेही नाही. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केल्या. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा, पदवीच्या उमेदवाराचे वय सतरा ते बावीस, पंचाहत्तर टक्के हजेरी, छापील भित्तिपत्रकांना बंदी, सारी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण. यातले काही आकडे मला फार कडक वाटतात. तरी त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण ते लिहिलेले आहेत आणि त्यांचे कारण दिलेले आहे. महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आणल्या. २०१९ साली वेळापत्रक लागले, विधानसभेच्या निवडणुकीसाठी ते पुढे ढकलले गेले, मग करोनाची साथ आली. एका खुनानंतर बंद केलेली गोष्ट वीसहून अधिक वर्षांनी कायद्याने खुली झाली तरी सुरू होईना. या काळात शिकून गेलेल्या पिढ्यांना मत मागणे, हरणे, हरल्यावर जिंकलेल्याशी काम करणे यांचा सराव मिळाला नाही. ज्यांच्या घरात आमदारकी होती त्यांचे काही अडले नाही. शेतमजुराच्या हुशार मुलीला राजकारणात चढायची जी पहिली पायरी होती ती मात्र गेली.

आणि सगळ्यात रोजचा, सगळ्यात गृहीत धरलेला निर्बंध म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची वेळ. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांमध्ये आलेल्या मुलांचे दिवस अभ्यासिकेत जातात. कित्येक अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात. मुलगा मध्यरात्री खोलीवर परततो. वसतिगृहातली मुलगी संध्याकाळीच पुस्तके आवरते, कारण फाटक बंद होते. उशीर झाला तर नोंदवहीत शेरा, रेक्टरांची बोलणी, घरी फोन. ‘नाइट आउट’साठी पालकांची सही आणि स्थानिक पालकाचे पत्र लागते. परीक्षा दोघांची एक, गुणवत्ता यादी एक, पण अभ्यासाचे तास सारखे नाहीत. नाटकाची तालीम, प्रयोगशाळेतले लांबलेले काम, रात्रीचे व्याख्यान यांचाही हिशेब असाच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१५ चे विनियम केले. ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम मुलींच्या वसतिगृहात लावता येणार नाहीत, असे त्यांत नि:संदिग्ध लिहिले आहे. दिल्लीतल्या मुलींनी २०१५ साली ‘पिंजरा तोड’ नावाने आवाज उठवला होता. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली दोन महत्त्वाचे निकाल दिले. एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाने मुलींना सिनेमाचे खेळ आणि राजकीय सभा यांची मनाई केली होती, ती न्यायालयाने उठवली. दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळी मोबाइल जमा करण्याचा नियम न मानल्याबद्दल मुलीला काढले होते, तिला परत घ्यायला लावले. २०२२ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुली साडेनऊच्या बंधनाविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि त्रास देणारे पुरुष असताना कोंडून मुलींना का ठेवायचे, असा प्रश्न न्यायालयानेच सरकारला विचारला. वर्ष संपण्याआधी तिथल्या सरकारने मुलामुलींना सारखा नियम लावण्याचा आदेश काढला.

‘पालकांचीच मागणी आहे’ असे प्राचार्य सांगतात, आणि ते खरे असते. बीड, नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावातून मुलीला दूर शहरात धाडणाऱ्या बापाची भीती खोटी नाही. फाटक सातला बंद होते म्हणूनच काही मुलींना घरून सोडतात, हेही मी जाणतो. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणजे वसतिगृहापर्यंत दिवे असलेला रस्ता, रात्री चालणारी बस, फाटकावर जागा असलेला पहारेकरी आणि तक्रार ऐकणारी समिती. या सगळ्याला पैसा लागतो, कुलूप स्वस्त पडते. संस्थेने न केलेल्या खर्चाची किंमत मुलींनी आपल्या अभ्यासाच्या तासांतून का चुकवावी, याचे उत्तर मला अजून कोणत्याही नियमपुस्तिकेत मिळालेले नाही.

रंगभूमीवरचे निर्बंध हा मोठा विषय आहे आणि त्याला पुस्तकात स्वतंत्र जागा हवी, म्हणून इथे एवढेच. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा स्वतंत्र भारताच्या कायदेसूचीतून २०१८ साली निघाला. मधल्या काळात, १९७२ साली, तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना न्यायालयात लढावे लागले.

वाचकांत विद्यार्थी असतील त्यांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी हमीपत्र वाचा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. एखाद्या कार्यक्रमाला, सभेला, पोशाखाला, वेळेला मनाई झाली तर आदेश लेखी मागा. कोणत्या नियमाखाली, कोणत्या कारणासाठी आणि केव्हापर्यंत, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघे मिळून जा. प्राचार्य आणि अधिकारी हे पुस्तक वाचत असतील तर त्यांनी पुढच्या मनाईच्या कागदावर ती संपण्याची तारीख घालावी आणि त्या दिवशी ती खरोखर संपू द्यावी. उत्तर मिळत नसेल त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. सरकारी कार्यालये, विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात आणि अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.